बोकडाच्या यकृताची साक्ष

सुधीर सर : कल्पिता, हे बोकडाचं यकृत आहे की कोल्हापुरी चपलेचा तळ?

कल्पिता : यकृतच आहे, सर. काल मानपाड्याच्या खाटकाकडून मीच आणलं. आज सोमवार, त्याचं दुकान बंद.

सुधीर सर : मग तुझं यंत्र त्याला रोजच्या दुप्पट कडक का म्हणतंय?

कल्पिता : कडक असेल म्हणून.

सुधीर सर : वा! आरोपीनेच पंचनामा लिहिला. अगं, चार वाजता डॉक्टर नेविल येतायत. शिकाऊ सर्जनांना हात साफ करायला रबराचं यकृत बनवायचंय. खरं यकृत नेमकं किती मऊ असतं ते तुझं यंत्र सांगेल, असं मी त्यांना छातीठोकपणे सांगून बसलोय. हे आकडे बघितले तर ते जर्मन यंत्र मागवतील. तुझं यंत्र मग त्या कपाटात, जुन्या प्रिंटरशेजारी.

कल्पिता : तो प्रिंटरही चालू होता, सर. त्याला कोणी विचारलंच नाही.

सुधीर सर : विनोद नको. सेन्सर तपास.

कल्पिता : तपासला. वजनं ठेवली तर बरोबर दाखवतोय. थांबा, हे मधोमध कापून आतला काप लावते.

सुधीर सर : लाव... हं. हे तर रोजच्यासारखंच आलं.

कल्पिता : म्हणजे यंत्र ठीक आहे. वरच्या थरालाच कोणीतरी काहीतरी केलंय.

सुधीर सर : फ्रिजमधल्या बंद डब्यात? कोण करणार?

कल्पिता : फ्रिज आमच्या घरचा होता, सर. आईला फोन लावते... आई, स्पीकरवर सर आहेत. डब्यातल्या कलेजीला हात लावलेलास?

सगुणा : मी कशाला लावू? नमस्कार सर. जेवलाव का?

सुधीर सर : नमस्कार. नाही अजून.

कल्पिता : आई, खरं सांग.

सगुणा : जरासा मीठ-लिंबू चोलला गो. रातभर ठेवला न् सकाली धुतला.

कल्पिता : आई! ते मशीनसाठी होतं, सांगितलेलं ना तुला!

सगुणा : म्हनूनच तं! मोठ्या लोकांसमोर जानार, वास मारला तं नाव कोनाचा जानार? हलद नाय लावली. मशीन पिवला होईल, येवढा कलतं मला.

सुधीर सर : कल्पिता, मला दिसायला काही फरक दिसला नव्हता.

कल्पिता : मलाही नाही, सर. यंत्राला दिसला.

सुधीर सर : न चोळलेला तुकडा आहे?

कल्पिता : आहे. अर्धं यकृत मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलेलं, तेही आणलंय. मी मारलेली गाठ तशीच आहे.

सुधीर सर : मग तो आणि आईंचा, दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवू. कुठला कोणता, सांगायचं नाही. आधी त्यांनी बोटांनी ओळखायचा, मग यंत्राने.

कल्पिता : आणि यंत्र चुकलं तर?

सुधीर सर : कपाटात जागा आहे.

(संध्याकाळी. कल्पिताचा घरी फोन.)

सगुणा : काय झाला गो? नाक कापला ना मी तुजा?

कल्पिता : डॉक्टरांनी दोन्ही तुकडे चाचपले आणि म्हणाले, सारखेच आहेत. मग यंत्र लावलं. त्यांनी मला पाठ करून उभं केलं आणि तुकड्यांच्या जागा बदलल्या. पुन्हा बदलल्या. दर वेळी यंत्राने तुझा तुकडा पकडला, आई!

सगुणा : मंग?

कल्पिता : मग काय! जर्मन यंत्र रद्द. रबराचं यकृत माझ्या आकड्यांवर बनणार.

सगुणा : न् तुजे सर?

कल्पिता : सकाळभर 'तुझं यंत्र, तुझं यंत्र' चाललेलं. डॉक्टरांसमोर एकदम 'आमचं यंत्र' झालं.

सगुणा : असा?

कल्पिता : पण डॉक्टरांनी विचारलं, बनवलं कोणी? तेव्हा सरांनी माझ्याकडे बोट केलं. खोटं कशाला बोलू.

सगुणा : मंग बुधवारी जेवाला बोलव त्यांना. मीठ बेतानीच घालीन.