बारा शिपाई, चकाचक

मळ पाहिजे होता म्हणे... मळ! ऐकलं का कोनी आजपर्यंत? घरी पाव्हणा येनार, आन् त्याले मळ दाखवाचा! तुमाले सांगतो, मी दिघोरीचा टेकचंद, बावन्न वर्साचा झालो, पन असा पाव्हणा नाई पायला बा!

आता आयका. आमचा आजा साकोलीच्या बंगल्यावर गोऱ्या सायबाचा खानसामा होता. सायेब विलायतेले जातानी आपल्या पोराचे शिशाचे शिपाई आज्याले देऊन गेला. बारा! बोटाएवढे, खांद्यावर बंदुका, एक त ढोलवाला... आजा मरेपर्यंत सांगत राहिला, "सायबानं सोताच्या हातानं देल्ले." आन् गाव? गाव हासे! तो पानठेल्यावरचा भैय्यालाल त अजूनई म्हणते, "काहून बे टेकचंद, मंडईच्या जत्रेतूनच घेतले ना तुया आज्यानं? चार आन्याचे?" फेकू म्हणते माह्या आज्याले! मेलेल्या मानसाले! अंगाची आग होते माह्या!

म्हनून मी नागपूरले घनश्यामबाबूले कार्ड टाकलं. जुनी खेळनी ओळखाचा नाद आहे त्या मानसाले. उत्तर आलं, "रविवारी येतो. शिपाई कोणत्या पलटणीचे, कुठे बनले, सगळं लिहून देतो." लिहून देतो! तो कागद मी पानठेल्यावर चिकटवनार होतो, बरोबर भैय्यालालच्या डोक्यावर!

आन् रविवारी सकाळी आमच्या घरच्यांनी, म्हंजे निर्मलाबाईनं, राख घेतली, चिंच घेतली, तणसाचा चोथा घेतला आन् बाराई शिपाई असे घासले, असे घासले, जसा काई पान्याचा पितळी गुंड घासून राहिली! लाल कोट गेले, काळ्या टोप्या गेल्या, मिशा गेल्या! पन चमकले ना जी! मीबी खूष. परातीत मांडले, वर दोन झेंडूची फुलं ठेवली.

बाबू एस्टीतून उतरला, घरी आला, डोळ्याले भिंग लावलं आन् मटकन खाली बसला. "अहो, रंग कुठे गेला यांचा?"

"रंग नाई जी, मळ होता तो."

"तो मळच हवा होता हो! कोटाच्या रंगावरून तर पलटण ओळखायची. आता हे नुसतं शिसं!"

मळ पाहिजे होता! मंग लिहाचं ना कार्डात, 'धुऊ नोका' म्हनून! येवढ्यासाठी शाई सरली का बाबा तुयी? मी निर्मलाबाईवर असा भडकलो, असा भडकलो... "काहून घासले? कोनी सांगतलं होतं?" ती शांतपनं म्हणे, "तुमीच त सांगतलं जी. पाव्हण्यापुढं मळ दिसला नाई पाहिजे म्हणे."

आता हे पाव्हण्यासमोर बोलाचं असते का? सांगा!

बाबूले माही कीवच आली. म्हणे, "टेकचंदराव, जीव लहान करू नका. ज्या खोक्यात आले तो खोका आहे ना? त्यावर पलटण, कारखाना, सगळं छापलेलं असतं. कधी कधी मालक आपलं नावही लिहून ठेवतो."

खोका...

होता जी. पुठ्ठ्याचा. लाल. झुरळांनी खाल्लेला. आतून शाईनं विंग्रजीत कायतरी खरडलं होतं... आज्यानं पन्नास वर्सं जपला, मंग बापानं जपला. आन् त्याच सकाळी बाबू गल्लीत दिसला, मी वरडलो, "चहा मांडा!" लाकडं वली, चूल पेटेना. मी म्हणलं, नाईतरी हे घान पाव्हण्याच्या नजरेस कायले पडू द्याची? निर्मलाबाई म्हणतच होती, "राहू द्या जी, आज्याचा होय." मी आयकतो का कोनाचं? माह्याच हातानं सारला चुलीत. भक्कन पेटला!

निर्मलाबाईनं माह्याकडं फकस्त पायलं. मंग चुलीकडं पायलं. आन् बाबू बशीत फुंकून फुंकून घोट घेत म्हणते, "चहा मात्र एक नंबर झालाय हो! अजून अर्धा कप मिळेल?"

द्या म्हणलं. आज्याची साक्ष पेऊनच राहिला, त पुरी पेऊन जा!