फॉर्मात मशेरी नव्हती

नाही नाही, आत नका जाऊ बळवंतदादा, इथेच बसा, या स्टुलावर — मॅडम लॅबमध्ये कामात आहेत. रिपोर्ट ना? आला रिपोर्ट. म्हणजे — आला असंच म्हणायचं. तुमच्या कंपनीतल्या बारा जणांचं रक्त मीच काढलं होतं ना मे महिन्यात, मुलुंडला, त्या डांबराच्या कढईच्या शेडबाहेर? तुम्ही तोंड फिरवलं होतं, सुईकडे बघवेना म्हणून. तर — काही निघालं नाही. युनियनला तसंच सांगा. काही निघालं नाही म्हणजे... अहो, असं बघू नका ना माझ्याकडे. खोकला आहे का अजून? अकरा वर्षं त्या कढईवर, आणि कंपनीचा डॉक्टर म्हणतो विडी सोडा — आणि तुम्ही जन्मात विडी ओढलेली नाही! वैताग आहे नुसता.

सांगते, नीट सांगते. डांबराचा धूर छातीत गेला ना, की त्यातलं विष पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं — त्यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो, होईलच असं नाही हं, घाबरू नका. मॅडमनी काय केलं, तसा बिघडलेला डीएनए सशांना टोचला. सशांच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या, त्या बरोबर तेवढाच बिघाड हुडकून काढतात. प्लॅस्टिकच्या ताटलीत बारके बारके खळगे असतात, एकेकात एकेकाचा डीएनए. बिघाड असला की खळगा पिवळा, जास्त असला की गडद पिवळा. तुमचा? तुमचा पिवळा झाला दादा. बाराच्या बारा झाले. — थांबा, उठू नका, पुरतं ऐका तरी! नुसते तुमचे पिवळे होऊन भागत नाही. साधी माणसं पण लागतात — धूर नाही, विडी नाही, तंबाखू नाही अशी. त्यांचे खळगे कोरे राहिले तरच कंपनीला तोंडावर सांगता येतं, की हे तुमच्या कढईचं काम, हलवा माणसं तिथून. ती साधी माणसं आणायचं काम माझ्याकडे होतं. मी आमच्या चाळीतल्या बारा बायका आणल्या, शेवंतीकाकू, माझी आई, सगळ्या. फॉर्म मीच भरले. सिगरेट — नाही. विडी — नाही. तंबाखू खाता का — अगं बाई, आम्ही कुठली तंबाखू खातोय! नाही. नाही. नाही.

आणि त्यांचे पण पिवळे झाले. तुमच्याइतकेच! मॅडम दोन दिवस धड जेवल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या अँटीबॉडीच वाईट, दिसेल त्याला चिकटतायत, तीन वर्षांची वाट लागली. आणि मी तिथेच उभी, ताटली धरून. मला कळलं होतं हो. ताटली हातात होती तेव्हाच कळलं. मशेरी! तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ दातांना, ती पण तोच बिघाड करत असणार. पण आमच्याकडे तिला तंबाखू म्हणतं कोण? दात घासायचं ते. तुमच्या घरी पण लावतात ना? बघा! फॉर्मात मशेरीचा रकानाच नव्हता, आणि मॅडमच्या घरी कोण लावतंय, त्यांना काय माहीत.

मग सांगितलं का नाही? सांगणारच होते — नाही, खोटं बोलतेय, नव्हते सांगणार. मी इथे नवी होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एकीने भांडीवालीच्या मशेरीने काळ्या झालेल्या दातांची नक्कल केली. सगळ्या हसल्या. मी पण हसले, सगळ्यात मोठ्याने मीच. आणि माझ्यासमोर जो डबा होता ना, तो त्याच सकाळी काळे दात दाखवत आईने हातात दिलेला. चाळीतली पहिली बीएस्सी मी! तेव्हा तिची लाज वाटली, आता माझी वाटते. सगळ्यात गडद खळगा कुणाचा होता सांगू? आईचा. तिला अजून सांगितलेलं नाही. काय म्हणून सांगू — इतके दिवस गप्प का होतीस, विचारेल ना. आज सकाळी पण मोरीपाशी बोट घालून बसली होती तोंडात. मी बघितलं, चपला घातल्या आणि निघाले.

काय? हो, येईल ना, परत करता येईल. मशेरी न लावणारी बारा माणसं शोधायची, महिन्याभरात होईल. मॅडमना कळलं तर. पण त्या सशांच्या अँटीबॉडी उद्या फेकून द्यायला सांगितल्यात त्यांनी, फ्रीज रिकामा करायचाय. हो, मलाच सांगितलंय.

दादा, ते दार नको. मी सांगते, मीच सांगते, उद्या आल्याआल्या — बरं, आज, संध्याकाळी, त्या एकट्या असताना. आईची शपथ. कढईवर परत पाठवतेय मी तुम्हाला, कळतंय हो मला, पण असं सगळ्यांसमोर — ठोठावू नका हो, पाया पडते —

मॅडम! हे — हे बळवंतराव, मुलुंडचे. नाही, काही नाही मॅडम. रिपोर्ट विचारायला आले होते. सांगितलं मी त्यांना, टेस्टच चुकली म्हणून. — जा ना दादा आता. जा.