साहेबांची दाढ आणि शांत आठवडा

दाढ ठणकत होती, पण काकूंचे कान शाबूत होते. दवाखान्याच्या बाकावर शेजारी दोघे कुजबुजत होते. त्यांचे साहेब आत दाढ दाखवायला खुर्चीवर होते.

“आठवडाभर एकही तक्रार नाही, म्हणून साहेब तुला बढती देतायत, दादा!”

“तक्रार येणार कुठून? गेल्या आठवड्यात रीस्टार्टनंतर सगळे सर्व्हर उठले, पण त्यांच्यावर नजर ठेवून बिघाड कळवणारी सेवाच उठली नाही. राखणदारीणच झोपलीये.”

“अरे देवा! मग उठव की.”

“उठवतो रे. पण ती डेटाबेसच्या आधी उठते आणि तो दिसला नाही की पुन्हा आडवी.”

“मग तिला सांग, आधी तो उठेल, मग तू.”

“हे कसं सुचलं नाही मला! थांब, मोबाइलवर इथूनच करतो… उठली बघ!”

“शाबास! आता इशारे कुणाला जाणार?”

“साहेबांच्या फोनवर. आठवडाभराचे सगळे.”

आतून टिंग झालं. मग टिंग टिंग. मग थांबेचना.

“दादा, बढतीच्या पत्रावर सही झाली?”

“दाढ झाली की करतो म्हणाले होते.”

“घाबरू नका,” काकू गाल धरून म्हणाल्या, “हे डॉक्टर तासभर तोंड मिटू देत नाहीत. तेवढ्यात निस्तरा काय ते.”