पुलाच्या अलीकडची धडक

मी, नोरीन मॅकगिनली, वय ६१ वर्षे, धंदा केस कापण्याचं दुकान, राहणार बॅलीडर्ग, जिल्हा डोनेगल, आज ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी पती यूनन यांच्यासह राहते. गावाच्या टोकाला पूल आहे. पूल ओलांडला की उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनची हद्द लागते. मॅलकी गॉर्मली हा माझा सख्खा धाकटा भाऊ असून गुरांच्या खाद्याचा व्यापारी व नगरसेवक आहे. "ही सरहद्द इंग्रजांनी आखली, मी ती मानत नाही," असं तो दर सभेत बोलतो. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत.

मॅलकी गाडी भरधाव हाकतो. आपल्याकडे त्याच्या परवान्यावर दंडाचे पॉइंट इतके साठलेत की आणखी पडले तर परवाना जाईल. पलीकडे पकडला गेला तर तिकडचे पॉइंट इकडच्या परवान्यावर चढत नाहीत. म्हणून पलीकडे तो आणखी जोरात हाकतो. एवढ्यापुरती त्याला सरहद्द मान्य आहे.

काल रविवारी सकाळी चर्चमधून परतताना यूनन सायकलवर पुढे होते, मी मागून पायी येत होते. पुलाच्या अलीकडे, आपल्या हद्दीत, मॅलकीच्या गाडीनं त्यांना मागून उडवलं. मी धावत गेले. यूनन यांचा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. मॅलकी उतरला. त्यानं आधी सायकल उचलली आणि पुलापलीकडे नेऊन टाकली. मला वाटलं, रस्ता मोकळा करतोय. मग परत येऊन त्यानं यूनन यांच्या काखेत हात घातले.

"दाजी, जरा दम धरा. पलीकडं गेलो की सगळं ठीक होईल."

"अरे, पाय! पाय!" यूनन ओरडले.

मी म्हणाले, "मेल्या, हलवू नकोस त्यांना. अँब्युलन्स बोलाव."

"बोलावतो गं. कुठं बोलवायची ते तर ठरू दे."

त्यानं त्यांना फरफटत पलीकडे नेलं आणि मग फोन केला. हाड दोन ठिकाणी मोडलंय, असं डॉक्टर म्हणाले. एक धडकेनं. दुसरं कशानं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मॅलकी सफरचंदाचा केक घेऊन घरी आला. "ताई, इकडं नोंद झाली तर माझा परवाना गेलाच समज. पलीकडं झालं, एवढंच सांग. शेवटी रक्ताचं नातं आहे."

"रक्त पुलाच्या अलीकडं सांडलंय. जाऊन बघ."

"अगं, देश एकच ना आपला? चार पावलं इकडं काय नि तिकडं काय!"

"मग इकडंच सांगते."

जाताना तो केक परत घेऊन गेला.

हा जबाब सार्जंटसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. वरच्या रकान्यात माझ्या नावापुढे 'आरोपीची बहीण' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावून 'जखमीची बायको' असं लिहून घेतलं. बाकी मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

नोरीन मॅकगिनली