लिंबाच्या बागेतली माती

मूल वाढवण्यातलं मला काही कळत नाही, याचा पुरावा हवा असेल तर हे ऐका. माझ्या दिराची रामनाथपुरमकडे कोरड्या, खारवट जमिनीत लिंबाची बाग आहे. फळ धरत नाही म्हणून, खारटपणा जावा यासाठी त्यानं मातीत जिप्सम आणि तळ्यातला गाळ घातला. मग तपासणीसाठी जुनी आणि सुधारलेली, अशा दोन मातींचे डबे कुंभकोणमला आमच्याकडे ठेवून गेला. मी वळून बघेपर्यंत दोन वर्षांच्या लेकीनं एक डबा उघडून मूठभर माती तोंडात घातलेली!

मी लगेच दिराला फोन लावला. "भावजी, पोरीनं माती खाल्ली!"

"कुठल्या डब्यातली?"

"काय माहीत! दोन्ही सारख्याच दिसतात."

"थुंकली का?"

"नाही हो, आणखी मागतेय!"

"अय्यो! म्हणजे खारटपणा गेला, वहिनी! यंदा लिंबं धरणार!"

"आणि पोरीचं काय?"

"तिला आधी डॉक्टरकडे न्या. डबा मात्र सांडू नका."

डॉक्टरांनी तपासलं आणि हसून घरी पाठवलं. मला मात्र राहवेना. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी, स्वयंपाकघराचं दार लोटून त्याच डब्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खरंच खारट नव्हती.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओढणी ओढली. "आई, मला?"