कांद्यावरचा आळ

तेजस्विनी : व्हिडिओत चेहरा झाकलास, दादा, पण बाही माझीच होती. भर सभागृहात ओळखली मी.

रविराज : तेजू, तिथं सगळे डॉक्टर होते. नाव कुठंही नव्हतं तुझं. उंदरांच्या मेंदूत आम्ही पेशी सोडतो, मग त्यांच्या फिट कमी होतात. पण माणसाची फिट कशी असते, तेही दाखवावं लागतं ना!

तेजस्विनी : उंदरांना फिट येते कशी?

रविराज : रसायन टोचून आणतो आम्ही.

तेजस्विनी : आणि मला आपोआप येते. सोयच झाली की तुझी.

रविराज : असं बोलू नकोस. तुझ्यासाठीच तर शिरलो मी या संशोधनात.

तेजस्विनी : मग आवाज का बंद केला होतास? काढ फोन. मूळचा व्हिडिओ लाव.

रविराज : कशाला उगाच?

तेजस्विनी : तेव्हा मी बेशुद्ध होते. आज शुद्धीवर आहे. लाव.

(फोनमधून आईचा आवाज : "आरं रवी, फवारा मार ना तिच्या नाकात! तुझ्याच खिशात हाय ना? लय वेळ झाला, ओठ काळे पडले पोरीचे!" मग रविराजचा : "थांब आई, एवढी फिट पूर्ण शूट होऊ दे.")

तेजस्विनी : फिट थांबवायचा फवारा तुझ्या खिशात होता.

रविराज : मिनिटभरच थांबणार होतो गं. मारला ना नंतर!

तेजस्विनी : नंतर! दवाखान्यात डोळे उघडले तर माझ्या बालवाडीतल्या एकाही पोराचं नाव आठवेना. अजून आठवत नाही. त्यांच्या खिशांना नावाच्या चिठ्ठ्या लावून शिकवते मी.

रविराज : चुकलं माझं.

तेजस्विनी : घरभर काय सांगितलंस? आईनं फवारा हरवला आणि कांदा फोडून हुंगवत बसली, म्हणून एवढं झालं. गावंढळ बाई, कांद्यापलीकडे अक्कल नाही, म्हणालास. बिचारीच्या हाताला दुसरं काही लागलंच नव्हतं.

रविराज : आईच म्हणाली, माझ्यावर ढकल, तुझं नाव खराब नको व्हायला.

तेजस्विनी : ती म्हणणारच. तू ढकललंस. दे तो फवारा इकडे.

रविराज : तुला स्वतःला नाही मारता येणार, तेजू. जवळच्या माणसानंच मारायचा असतो.

तेजस्विनी : म्हणूनच चांदवडला आईकडे नेऊन देते.

रविराज : मीही येतो. पाया पडतो तिच्या.

तेजस्विनी : तू नको. दिवाळीला ती फराळ घेऊन आली, तर मी दार उघडलं नाही. आता तिच्या दारात उभी राहून काय बोलू, तेवढं सांग.