उसना माल

कर्ज मंजूर झालं म्हनून पेढे कसले मागताय गं? आधी ऐका. शेवगावहून बँकेचा साहेब दुकान बघायला येनार हुता, अन् माझ्या फळ्या रिकाम्या. शेजारच्या दुकानवाल्या मंदाताई म्हनाल्या, “माझ्या कर्जाची तपासनी उद्या हाय. आज माझा माल तुमी लावा.” बिस्किटं, साबन, समदं त्यांनीच आनून मांडलं.

साहेबानं फोटो काढला. “मंजूर! आलोच आहे तर शेजारचंही बघून घेतो.”

मंदाताईंचं दुकान ओकंबोकं. “इथं तर धंदाच नाही,” म्हनत त्यानं त्यांचा अर्ज परत दिला. माझ्या दुकानातला माल त्यांचा हाय, एवढं सांगायला माझी जीभ रेटली न्हाई.

संध्याकाळी माल परत द्यायला गेले, तर म्हनाल्या, “राहू द्या दोन दिस. साहेब फिरून आला तर तुमची पंचाईत व्हईल.”